नायिका सगळे विसरते तेव्हा : कल्पनारम्य वेबकॉमिकचा शेवट कसा रचावा

कल्पनारम्य वेबकॉमिकचा शेवट करताना मुख्य पात्राची स्मृती हिरावून घेण्याचा मोह अनेक लेखकांना होतो, आणि त्याचे कारण उघड आहे. मृत्यूइतकी मोठी हानी दाखवता येते आणि तरीही पात्र डोळ्यांसमोर चालते-बोलते राहते. असुर बांधला जातो, राज्य वाचते आणि त्याच्या मोबदल्यात नायिकेला स्वतःचे नावही आठवेनासे होते. असे शेवट वरचेवर फसतात, कारण काय गेले हे लेखकाने तपशिलात ठरवलेले असते, पण काय उरले याचा विचार त्याने केलेलाच नसतो. वाचक मात्र उरलेल्यावरच नजर ठेवून असतो. समोर उभी आहे ती तीच आहे का, एवढा एकच प्रश्न त्याला पडलेला असतो, आणि त्याचे उत्तर संवादांपेक्षा चित्रांतून द्यावे लागते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कथानक गृहीत धरू. रेवती वादळांना दोराच्या गाठींत बांधते आणि बसणारी प्रत्येक गाठ तिची एक आठवण ओढून घेते. लहानपणापासूनचा सोबती भैरव तिच्याबरोबर आहे. तिला ही विद्या शिकवणारी आणि पुढे वादळे मोकळी सोडू लागलेली गुरू मंदाकिनी विरुद्ध बाजूला आहे. शेवटच्या भागात सर्वांत मोठे वादळ बांधण्यासाठी रेवतीला उरलेल्या सगळ्या आठवणी द्याव्या लागतात.

काय जाते आणि काय उरते

स्मृती ही एकसंध वस्तू नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. एन्डेल टलव्हिंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये घडलेल्या प्रसंगांची स्मृती आणि जगाविषयीच्या ज्ञानाची स्मृती यांत भेद केला. हातांच्या सवयी आणि कौशल्ये यांची स्मृती त्याहून निराळी आहे. अपस्मारावरचा उपाय म्हणून १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढण्यात आला आणि त्यानंतर त्याला कोणताही नवा प्रसंग लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे काम दिले. काही दिवसांत त्याचा हात स्पष्टपणे सुधारला, पण हे काम आपण आधी केले आहे याची त्याला दर वेळी अजिबात कल्पना नसे. हात शिकत होता आणि त्या हाताच्या मालकाला त्याचा पत्ता नव्हता.

भावनेचेही असेच होऊ शकते. एदुआर क्लापारेद या स्विस वैद्याने १९११ मध्ये एका स्मृतिहीन रुग्ण स्त्रीविषयी लिहून ठेवले आहे. त्याने आपल्या बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढे तो प्रसंग तिला आठवत नव्हता, तरी तिने हात पुढे करायला नकार दिला, आणि का ते तिला धड सांगता येईना. कल्पनारम्य कथेत जादूला मेंदूचे नियम बंधनकारक नाहीत, हे खरेच आहे. पण घटना पुसली जाते आणि तिचा ओरखडा राहतो, ही गोष्ट वाचकाला पटकन पटते, कारण प्रत्येकाने ती थोड्याफार प्रमाणात अनुभवलेली असते.

तेव्हा कच्ची रेखाटने सुरू करण्याआधी रेवतीविषयी एक टिपण करावे आणि त्यात चार बाबी वेगवेगळ्या लिहाव्यात : तिला कोणते प्रसंग आठवत नाहीत, जगाविषयी तिला अजून काय माहीत आहे, तिच्या हातांना काय येते आणि कोणत्या गोष्टीची तिला विनाकारण भीती किंवा ओढ वाटते. पहिली बाब सगळेच लिहितात. नियम खरा लागतो तो उरलेल्या तिन्हींसाठी. भाषा आठवते पण नाव आठवत नाही, घोड्यावर बसता येते पण घोडा म्हणजे काय ते कळत नाही, अशी सोयीप्रमाणे बदलणारी विस्मृती वाचक दोन-तीन चौकटींत पकडतो आणि मग त्याला सगळीच हानी खोटी वाटू लागते.

आठवणी कोणत्या क्रमाने जातात, हेही ठरवून घ्यावे. तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये असे मांडले की स्मृतिनाशात अलीकडचे आधी जाते आणि जुने उशिरापर्यंत टिकते. हा क्रम कथेत उतरवला तर फार तीक्ष्ण प्रसंग हाती लागतात. शेवटच्या गाठीच्या जरा आधी रेवतीला प्रौढ भैरव ओळखू येत नाही, पण लहानपणचा भैरव आठवतो, आणि ती समोरच्या दाढीवाल्या माणसालाच विचारते की माझ्याबरोबरचा तो मुलगा कुठे गेला. एका झटक्यात सगळे पुसण्यापेक्षा हा एक प्रश्न कितीतरी अधिक काम करतो.

तीच की दुसरी

व्यक्तीची ओळख स्मृतीवर उभी असते, हे मत जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाने १६९४ मध्ये ठामपणे मांडले. माझ्या जाणिवेला मागच्या ज्या कृतीपर्यंत पोहोचता येते त्या कृतीपर्यंत मी तोच, असा त्याचा साधारण आशय आहे. त्याला टॉमस रीडने १७८५ मध्ये दिलेले उत्तर वेबकॉमिक लिहिणाऱ्याच्या फार कामाचे आहे. लहानपणी बागेत चोरी केल्याबद्दल फटके खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होऊन शत्रूचे निशाण हस्तगत करतो आणि म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला फटके आठवतात, सेनापतीला निशाण आठवते, पण फटके आठवत नाहीत. मग लॉकच्या हिशेबाने सेनापती अधिकारी आहे, अधिकारी तो मुलगा आहे, आणि तरीही सेनापती तो मुलगा नाही. ही विसंगती टाळायची तर आठवणींच्या एकमेकींत अडकलेल्या साखळीचा विचार करावा लागतो. रेवतीची साखळी तर पहिल्या गाठीपासून तुटत आलेली आहे. म्हणजे ती तीच आहे का, हा प्रश्न शेवटच्या भागात अचानक टाकायचा नसून कथेच्या मध्यावरच कुणीतरी, शक्यतो मंदाकिनीने, तो तिच्या तोंडावर विचारलेला असला पाहिजे.

तत्त्वज्ञान काहीही म्हणो, जवळची माणसे ओळख कशावरून धरतात याचा एक पुरावा उपलब्ध आहे. नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकल्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूचे व मज्जासंस्थेचे निरनिराळे विकार झालेल्या रुग्णांच्या निकटवर्तीयांना विचारण्यात आले की हा माणूस पूर्वीचाच वाटतो का. तो आता वेगळाच झाला आहे, ही भावना सर्वांत प्रबळपणे जोडलेली होती ती नैतिक स्वभावातल्या बदलाशी. दया, प्रामाणिकपणा, निष्ठा यांत बदल झाला तर माणूस परका वाटू लागे. नुसत्या विसरण्याचा प्रभाव त्या मानाने फारच कमी होता.

लेखकासाठी याचा अर्थ सरळ आहे. केवळ कौशल्य उरले आहे असे दाखवून भागत नाही. रेवतीचे हात अजून गाठ मारतात, हे पाहून वाचकाला तिचा व्यवसाय कळतो. तीच गाठ मंदाकिनीच्याही हातात आहे. रेवतीला रेवती करणारी गोष्ट गाठ मारण्याच्या तिच्या वागणुकीत शोधावी लागेल. समजा, पहिल्या भागापासून ती शेवटचा पीळ आवळण्याआधी क्षणभर थांबते आणि वाऱ्यात एखादे पाखरू अडकले आहे का ते पाहते. मंदाकिनी त्यावरून तिला रागावलेली आहे, भैरवाने तिची त्यावरून थट्टा केलेली आहे, आणि एकदा या थांबण्यापायी त्यांचा जीव जाता जाता वाचलेला आहे. सगळे विसरल्यावरही ती थांबते, यापुढे वेगळे काही बोलून दाखवण्याची गरज राहत नाही.

अशी सवय आधीच्या भागांत पेरलेली असायला हवी, आणि एकदा दाखवून भागत नाही. निवांत प्रसंगात, थट्टेत आणि जिवावरच्या संकटात अशी ती वेगवेगळ्या रंगांत दिसावी, आणि शेवटाच्या पाच-सहा भाग आधी पुन्हा एकदा सहज डोकवावी, कारण वेबकॉमिक वाचणाऱ्याने पहिले भाग वाचून कधीकधी वर्षे झालेली असतात. आधीचे सगळे प्रसिद्ध होऊन गेले असेल आणि असे काही पेरलेलेच नसेल, तर आपलेच जुने भाग उघडून शांतपणे पाहावेत. पात्र बसताना कुठे बसते, बोलताना हाताचे काय करते, दुसऱ्याचे दुःख ऐकताना कुठे पाहते, यात नकळत पुन्हा पुन्हा काढलेले काहीतरी जवळजवळ नेहमी सापडते. मागाहून शोधलेली अशी सवय पुष्कळदा मुद्दाम पेरलेल्या सवयीपेक्षा अधिक नैसर्गिक वाटते.

येथे चित्रमाध्यमाची एक अडचण सांगणे आवश्यक आहे. कादंबरीत लेखक पुसट राहू शकतो, पण वेबकॉमिकमध्ये तोच चेहरा, तेच केस, तोच रंग चौकटीत आला की वाचकाचा डोळा आपोआप म्हणतो, ही तीच. म्हणजे ओळख शरीरात असते, हे मत चित्र काहीही न बोलता मांडून मोकळे होते. तुम्हाला ती तीच आहे असे म्हणायचे असेल तर हे तुमच्या पथ्यावरच पडते आणि वेगळे काही करू नये. ती आता दुसरी आहे असे म्हणायचे असेल तर मात्र चित्राविरुद्ध जावे लागते : उभे राहण्याची ढब, खांद्यांची रेषा, संवादफुग्यांतील अक्षरांची ठेवण, चौकटीतील तिची नेहमीची जागा यांत बदल करावा लागतो. केस पांढरे करणे हा उपाय इतका वापरला गेला आहे की तो टाळलेला बरा. आणि दोन्ही एकदम सुचवण्याचा हट्ट असेल, तर चेहरा तसाच ठेवून फक्त ढब बदलावी.

दोष कुणाचा

विस्मृती कथेत आणली की दोषाचा हिशेब बदलतो, आणि बहुतेक लेखक येथे बेसावध असतात. शकुंतलेच्या कथेचे उदाहरण घ्यावे. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत काहीही विसरलेला नाही. भर सभेत तो तिला ओळखूनही नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर मानतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, आणि त्या एका बदलाने खोटे बोलणारा राजा निर्दोष झाला. विस्मृती पात्राचा अपराध धुऊन टाकते. मंदाकिनीने गावेच्या गावे उद्ध्वस्त केली असतील आणि शेवटी तिचीच स्मृती गेली, तर वाचकाला न्याय मिळाला असे वाटणार नाही. शिक्षा भोगायला जी हवी होती तीच निसटली, असे त्याला वाटेल. हे मुद्दाम करायचे असेल तर कथेतील पीडितांपैकी कुणालातरी त्या निरपराध चेहऱ्यासमोर उभे करून राग कुणावर काढावा या पेचात सापडलेले दाखवावे.

कालिदासाकडून आणखी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पाचव्या अंकाच्या आरंभी, शाप लागून गेल्यावर, दुष्यंत एक गाणे ऐकतो आणि अस्वस्थ होतो. कुणाचाही विरह नसताना आपण व्याकूळ का झालो, हे त्याला उमगत नाही. हरवलेल्या आठवणीचा मागमूस त्या अस्वस्थतेत आहे आणि राजाला त्याचा थांग नाही. प्रेक्षकाला मात्र सगळे ठाऊक आहे. वेबकॉमिकच्या शेवटातही हीच विभागणी ठेवावी : आठवण वाचकाकडे, अस्वस्थता पात्राकडे. दुसरी गोष्ट म्हणजे, अंगठी सापडल्यावर राजाची स्मृती परत येते तेव्हा शकुंतला तिथे नसते. परत आलेली आठवण बक्षीस म्हणून येत नाही, ती पश्चात्ताप घेऊन येते, आणि सबंध सहावा अंक तो तिचे चित्र काढून त्यासमोर झुरत बसतो. स्मृती परत आणायचीच असेल तर या प्रकारे आणावी, म्हणजे तिच्या येण्यालाही काही मोल द्यावे लागेल. प्रियकराचे अश्रू गालावर पडले आणि सगळे आठवले, या प्रकाराने आधीच्या गाठींची सगळी किंमत एका चौकटीत परत केली जाते.

संमतीचा प्रश्नही याच हिशेबातला आहे. गाठ मारण्याचा निर्णय जुनी रेवती घेते आणि परिणाम भोगते ती नवी. नव्या रेवतीला त्याबद्दल राग येण्याचा अधिकार आहे. तिला कृतज्ञ, शांत आणि किंचित हसतमुख दाखवण्याची घाई करू नये. भैरव तिला तिच्या पराक्रमाची कथा सांगतो तेव्हा ती कंटाळली, किंवा हे सगळे माझ्यावर का लादता असे म्हणाली, तर ती त्या क्षणी अधिक जिवंत होते.

मागे ठेवलेल्या रोजनिशीबद्दलही सावध राहावे. क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश संगीतकाराची स्मृती १९८५ मधील मेंदूच्या संसर्गाने नष्ट झाली. आपण आत्ताच पहिल्यांदा जागे झालो असे तो वहीत पुन्हा पुन्हा लिही आणि आधीची तशीच नोंद खोडून टाकी; अक्षर आपलेच आहे हे दिसत असूनही ती नोंद आपण जागेपणी केली हे त्याला मान्य नसे. पियानो मात्र त्याला वाजवता येई आणि पत्नी दिसली की त्याचा आनंद ओसंडे. रेवतीला तिने स्वतः लिहिलेले पत्र मिळाले, तर ते तिला परक्या बाईचे वाटावे, हेच खरे.

शेवटच्या भागातील चौकटी

गाठ बसते तो क्षण कसा काढावा, यावर जितका वेळ द्यावा तितका थोडा. माझ्या मते पहिल्या चौकटीत फक्त हात असावेत आणि दोर अर्धा वळलेला असावा. पुढच्या चौकटीत तेच हात, त्याच कोनातून, पण थांबलेले. त्यानंतर मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवत जावे लागेल अशी कोरी जागा, दोन पडद्यांहून जास्त नको, कारण त्यापुढे वाचकाला चित्रे उतरली नाहीत अशी शंका येते. मग चिखलाने माखलेले कुणाचे तरी जोडे. ते भैरवाचे आहेत हे वाचकाला रंगावरून कळते, पण चौकट त्याचा चेहरा दाखवत नाही, कारण आता आपण रेवतीच्या नजरेने पाहत आहोत आणि तिच्यासाठी तो चेहरा महत्त्वाचा उरलेला नाही. फुग्यात तिचे नाव येते. ती मागे वळून पाहते, कुणाला हाक मारली ते बघायला.

या नंतरच्या चौकटीत दोराचे टोक वाऱ्याने निसटते आणि तिचा हात ते पकडून पीळ देतो. पीळ आवळण्याआधी हात थांबतो. वाचक येथे श्वास रोखतो, म्हणून या चौकटीत एकही शब्द नसावा, आवाज दाखवणारी अक्षरेही नसावीत. लगेच पुढे पाखरू दाखवू नये. आधी भैरव दाखवावा, आणि तोही चौकटीच्या कडेला, ते थांबणे पाहणारा. त्याला कळले आहे, तिला नाही, आणि आपण दोघांनाही पाहत आहोत. पाखरू अडकलेले होते की नव्हते, हे त्यानंतर ठरवले तरी चालते.

जुन्या चौकटी पुन्हा वापरण्याचा मोह येईल. एखादीच वापरावी, आणि तिचे नुसते पुनर्मुद्रण न करता ती नव्याने काढावी, एक गोष्ट वगळून. पहिल्या भागातील दोघांची बसण्याची जागा, तीच चौकट, तोच प्रकाश, पण दोघांमधील अंतर आता अनोळखी माणसांत असते तेवढे. वेबकॉमिकचा वाचक एका स्पर्शात पहिल्या भागाकडे जाऊन ताडून पाहू शकतो, आणि पुष्कळजण खरोखर जातात. छापील मासिकाला ही सोय नव्हती. उलट, धूसर कडांच्या जुन्या प्रसंगांची लांबलचक मालिका लावली तर त्या आठवणी अजून कुठेतरी शिल्लक आहेत असा चुकीचा संदेश जातो. त्या शिल्लक नसणे हाच तर तुमचा शेवट आहे.

प्रसिद्धीचे वेळापत्रकही शेवटाचा भाग मानावे. गाठ बसण्याचा भाग आणि त्यानंतरचा भाग यांत आठवड्याचे अंतर ठेवले तर वाचक तो आठवडाभर स्मृती कशी परत येईल याचे तर्क लढवतात, आणि मग ती परत न येणे त्यांना फसवणूक वाटते. शक्य असल्यास दोन्ही भाग एकत्र द्यावेत. भागाखाली लेखकाचे मनोगत लिहिण्याची प्रथा आहे; त्यात रेवतीला पुढे काही आठवेल का, याबद्दल अवाक्षर काढू नये. काही वर्षांनंतरचा उपसंहार काढणार असाल तर त्यात रेवतीची नवी कामे, नवी भांडणे, नवी माणसे असावीत, आणि भैरव तिच्याशी नव्याने ओळख करून घेत असेल तर ती ओळख जमण्याची हमी देऊ नये.

प्रसिद्ध करण्याआधी शेवटचा भाग दोन माणसांना वाचायला द्यावा : एक, ज्याने सगळे भाग वाचले आहेत, आणि दुसरा, ज्याने एकही वाचलेला नाही. दुसरा वाचक नकळत रेवतीच्या जागी असतो. त्याला प्रसंग समजला पाहिजे, पण हात का थांबला हे कळता कामा नये. पहिल्याला हात थांबताच कळले पाहिजे. दुसऱ्यालाही लगेच कळले तर चौकट फार बोलते आहे, तिच्यातील एखादा फुगा किंवा भैरवाच्या चेहऱ्यावरचा भाव कमी करावा. पहिल्यालाच कळले नाही तर शेवटच्या भागाला हात लावू नये; मागच्या भागांत सवय जिथे दाखवली आहे तिथे जाऊन ती चौकट मोठी करावी.